आजारी खोल्यांचे रत्नाकर अण्णा

मल्हार ज्या घराच्या वरच्या खोलीत भाड्याने राहायचा, त्या घराच्या मालकाने उभ्या आयुष्यात जितकी माणसं मरणाला लावली होती, तितकी एखाद्या बऱ्यापैकी साथीलाही जमली नसती. मालकाचं नाव रत्नाकर अण्णा. वय ऐंशीच्या पुढे, शर्ट कायम इस्त्रीचा, खिशात मोजपट्टी. मारण्यात त्यांचा प्रत्यक्ष हात नव्हता. ते फक्त खोली लावून द्यायचे. मरायचं काम नट करायचे.

मल्हारला हे सुरुवातीला माहीत नव्हतं. नागपूरहून कन्नड मुलुखात आलेला माणूस मल्लेश्वरममध्ये खोली बघताना पाणी कावेरीचं की बोअरचं आणि घरात अंडी चालतात का, एवढंच विचारतो. मालकाच्या हातून किती जण गेले, हे विचारायची पद्धत नाही.

अण्णा सिनेमात सेट डेकोरेटर होते. त्या काळी अख्खा सिनेमा मद्रासच्या स्टुडिओत छपराखाली व्हायचा. जंगलही आत, चांदणंही आत. घराला तीनच भिंती असायच्या, चौथीच्या जागी कॅमेरा. सुतारांनी भिंती उभ्या केल्या, रंगाऱ्यांनी रंगवल्या, की अण्णा आत जायचे आणि इथे राहणाऱ्या माणसाच्या टेबलावर काय असेल, खुंटीला काय लटकेल, पलंगाखाली काय सरकवलेलं असेल ते ठरवायचे. पहिल्याच सिनेमात त्यांच्या वाट्याला नायकाच्या आईची आजारपणाची खोली आली. ती त्यांनी अशी लावली, की आईचं काम करणारी नटी मेकअप उरकून यायच्या आधीच निर्माता रिकाम्या पलंगाकडे बघून हमसून हमसून रडला. तिथे अण्णांचं करिअर सुरू झालं आणि खरं तर तिथेच संपलं. कारण त्यानंतर पटकथा हातात आली की प्रत्येक निर्माता एकच प्रश्न विचारायचा, "ह्या सीनमध्ये कोणी मरतंय का?" मरत असलं की बोलवा रत्नाकरला. लग्नं, बारशी, मधुचंद्र, पियानोवाले दिवाणखाने हे सगळं सुहास नावाच्या दुसऱ्या डेकोरेटरकडे जायचं. सुहास झुंबर लावायचा, त्याच वेळी शेजारच्या सेटवर अण्णा थुंकदाणी कुठे ठेवावी याचा विचार करत उभे असायचे.

लग्न झाल्यावर अण्णांनी मोठ्या हौसेने स्वतःचं घर लावलं. पहिल्याच आठवड्यात शेजारणी पेज घेऊन आल्या. नव्या नवरीला, म्हणजे सकवारबाईंना, काहीही झालेलं नव्हतं. आजही त्या रोज सकाळी सँकी तलावाला फेरी मारून येतात आणि वाटेत दोन-चार तरुणांना मागे टाकतात. पण वर्षभर लोक त्यांच्याशी हळू आवाजात बोलले. शेवटी त्यांनी "सरी, आता पुरे," म्हणून घरातल्या एकाही वस्तूला हात लावायची नवऱ्याला बंदी केली. ती बंदी अजून उठलेली नाही. पन्नासहून जास्त वर्षं हा कलावंत स्वतःच्या घरात हात मागे बांधून हिंडत होता, आणि वरच्या मजल्यावर मल्हार राहायला आला.

मल्हारची कंपनी शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेळ्ळंदूरला. मल्लेश्वरमहून बेळ्ळंदूरला जाणं हा प्रवास नसून एक प्रकारची बदलीच असते, म्हणून तो बहुतेक दिवस खोलीतूनच काम करायचा. एकदा पाण्याच्या मोटरचं सांगायला अण्णा वर आले, तेव्हा त्याची मीटिंग नुकतीच संपली होती आणि स्क्रीनवर त्याचा चौकोन तसाच उघडा होता. अण्णा चौकोनासमोर थांबले.

"हा कॅमेरा?"

"हो ना अण्णा."

"हलत नाही?"

"नाही. जिथं ठेवला तिथं."

अण्णांच्या डोळ्यांत असं काही आलं, जे सकवारबाईंनी पाहिलं असतं तर त्यांना जिन्यावरून खाली ओढून नेलं असतं. त्यांनी स्क्रीनवर मल्हारच्या मागचं दृश्य निरखलं. दोरीवर बनियन. खिळ्याला हेल्मेट. जमिनीवर गादी, गादीवर कपड्यांचा डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी पार्सलचे रिकामे खोके.

"पात्र कोण आहे?" अण्णांनी विचारलं.

"कोणतं पात्र?"

"ह्या खोलीत राहतं ते."

"मीच राहतो. सॉफ्टवेअर इंजिनिअर."

"स्वल्प दिसत नाही तसं," अण्णा म्हणाले आणि खाली गेले.

दुसऱ्या दिवशी मल्हार आंघोळ करून बाहेर आला, तर कॅमेऱ्याला दिसणारा तेवढाच खोलीचा भाग बदललेला होता. सगळा पसारा कॅमेऱ्याच्या मागच्या बाजूला ढकललेला. समोर माळ्यावरचा जुना लोखंडी पलंग, त्यावर चादर, खिडकीला अर्धा ओढलेला पडदा, एक छोटं टेबल, टेबलावर पितळी तांब्या आणि झाकण ठेवलेला पेला. शेजारी लाकडी खुर्ची.

"काय करून राहिले अण्णा तुम्ही?"

"काही नाही. नीटनेटकं केलं."

दिसायला खरंच नीटनेटकं होतं. मल्हार खूश झाला आणि मीटिंगला बसला. त्याचा मॅनेजर रणवीर हा गुडगावचा माणूस; 'गुड मॉर्निंग' सुद्धा धमकी दिल्यासारखं म्हणायचा. त्या दिवशी त्याने कॅमेरा सुरू केला, मल्हारकडे पाहिलं आणि हातातला कॉफीचा मग खाली ठेवला.

"भाई," तो हळूच म्हणाला, "तू ठीक है ना?"

"हां सर. एकदम."

"पक्का? देख, काम तो होता रहेगा."

हे वाक्य रणवीरच्या तोंडून याआधी कोणी ऐकलं नव्हतं. मीटिंगमधल्या बाकीच्यांनीही माना खाली घातल्या. मल्हारचं काम दोघांना वाटून दिलं गेलं. आठवड्याने कंपनीकडून टोपली आली, त्यात सफरचंदं, ग्रीन टी आणि 'आम्ही तुझ्यासोबत आहोत' असं कार्ड. कार्डावर सगळ्यांच्या सह्या होत्या, सिक्युरिटीच्या सुद्धा. मल्हारला वाटलं, कंपनी सुधारली. त्याने सफरचंदं खाल्ली. अण्णांनाही एक दिलं.

हे असंच चाललं असतं तर मल्हार पस्तिशीत सन्मानाने निवृत्त झाला असता. पण मध्ये सुप्रीता होती.

सुप्रीता इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायची, मूळची पुण्याची, आणि मल्हारशी लग्न करायचं तिचं पक्कं ठरलं होतं. तिच्या आईवडिलांचं ठरायचं होतं. वडील श्रीरंगराव सरकारी कारखान्यातून तपासणी विभागाचे प्रमुख म्हणून निवृत्त झालेले. आई हेमलताबाई त्यांच्याही वरच्या तपासणी विभागात. रविवारी व्हिडिओ कॉलवर मुलगा बघायचा, तोही त्याच्या राहत्या जागेत, असा त्यांचा निर्णय झाला. पसंत पडला तर पुढचं बोलायचं, नाहीतर सुप्रीतासाठी पुण्यातच एक प्रणीत नावाचा दंतवैद्य तयार होता. प्रणीत नुसता तयार नव्हता, त्याची आई आठवड्यातून तीनदा फोन करत होती.

"बॅकग्राउंड ब्लर करतो ना मी," मल्हार म्हणाला.

"अजिबात नाही," सुप्रीता फोनवर म्हणाली. "बाबा म्हणतात, ब्लर करणाऱ्याच्या मागे काहीतरी असतं."

"मग जशी आहे तशी खोली दाखवू का?"

"मल्हार, मी तुझी खोली बघितलीये. ती बघून आई मला उचलून पुण्याला नेईल आणि थेट त्या दंतवैद्याच्या खुर्चीत बसवेल. तू सांगतोस ती ऑफिसच्या मीटिंगची बॅकग्राउंड वापर ना. कधी बघितली नाहीये मी, दाखव."

मल्हारने लगेच व्हिडिओ लावला. सुप्रीताने पाहिलं. मग तिचा आवाज एकदम मऊ झाला.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"काय?"

"रिपोर्ट काय आलेत?"

टोपली, सह्या, रणवीर, सगळं मल्हारच्या डोक्यात एकदम जाग्यावर बसलं. तो चपला न घालता खाली गेला. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. सकवारबाई शेंगा सोलत होत्या.

"अण्णा, तुम्ही नक्की कोणत्या खोल्या लावायचे?"

अण्णांनी पेपरची घडी केली आणि वर सांगितलेला सगळा इतिहास सांगितला. सांगताना त्यांना थोडा अभिमान वाटत होता, तो त्यांनी लपवला नाही. "खुर्ची बघितलीस ना? ती मी पलंगाकडे स्वल्प वळवून ठेवतो. रिकामी. बघणाऱ्याला वाटतं, रात्रभर इथे कोणीतरी बसलं होतं, आत्ताच उठून डॉक्टरला बोलवायला गेलं. ही खुर्ची आख्ख्या मद्रासमध्ये कोणाला जमली नाही. आणि चादर. पांढरी चादर आमच्या कॅमेऱ्यात भगभगायची, म्हणून चहाच्या पाण्यातून काढायची."

"तरीच पिवळी दिसते."

"काळ्या-पांढऱ्यात बरी दिसायची."

"अण्णा, माझं लग्न आहे ह्याच्यावर. मला सुखी माणसाची खोली लावून द्या."

शेंगा सोलायचा आवाज थांबला. अण्णांनी घडी केलेला पेपर पुन्हा उघडला.

"ती सुहासची लाइन," ते म्हणाले. "मला कधी कोणी दिली नाही."

"आता मी देतो ना."

"मेले का नाही ते सुहास?" सकवारबाईंनी विचारलं. "नसतील तर त्यांनाच बोलवा की."

"मेला. मीच गेलो होतो बघायला. खोली अगदीच वाईट लावली होती."

शनिवारी सकाळपासून अण्णांनी सुखाला हात घातला. चाचणीसाठी मल्हारने ऑफिसातल्या श्वेताला पकडलं. ती तोंडावर खरं बोलण्याबद्दल प्रसिद्ध होती आणि त्यामुळे तिची बढती दोनदा हुकली होती. अण्णांनी चादर बदलून लाल फुलांची घातली आणि टेबलावर फुलदाणी ठेवली. श्वेताला कॉल लावला.

"अरे," ती म्हणाली, "भेटायला कोण कोण येऊन गेलं?"

फुलं काढली. त्या जागी फळं ठेवली. श्वेता म्हणाली, "खायला देतात का तुला?" अण्णांनी फळं काढून भिंतीला सतार टेकवली. श्वेता म्हणाली, "कोणाची होती?" होती, असं म्हणाली. सतार काढून हसरं लहान मूल असलेलं कॅलेंडर लावलं. ह्यावर श्वेताने कॅमेराच बंद केला आणि मेसेज केला की तिला हे बघवत नाही.

अण्णांनी पलंगच हलवला, दोन खुर्च्या मांडल्या, रेडिओ ठेवला, पतंग लावला. पतंग बघून श्वेताने विचारलं की मुलगा किती वर्षांचा होता. संध्याकाळी अण्णा पलंगाच्या काठावर बसले. सुखी माणूस घरात काय ठेवतो, हेच त्यांना माहीत नव्हतं. दुःखी माणूस त्यांना इंचाइंचाने पाठ होता.

"तुम्ही सुखी नाही का, अण्णा?" मल्हारने विचारलं.

"आहे की."

"मग तुमच्या घरात काय आहे?"

"मला हात लावू देत नाहीत ना," ते म्हणाले. "नीट बघितलंच नाही."

रविवारी अकराला कॉल सुरू झाला. अण्णांनी मध्यरात्रीपर्यंत खटपट करून शेवटी खोली अशी लावली होती की त्यांच्या मते तिथे माणूस फार तर सर्दीने आजारी वाटला असता. ते स्वतः कॅमेऱ्याच्या मागे, पसाऱ्यात एका खोक्यावर बसले. सुप्रीता आपल्या फ्लॅटमधून आपल्या चौकोनात. पुण्याच्या चौकोनात श्रीरंगराव आणि हेमलताबाई, दोघेही चष्मा लावून.

हेमलताबाईंनी नमस्कारासाठी हात जोडले आणि ते जोडलेलेच राहिले.

"नमस्कार," मल्हार म्हणाला.

"बस बाळा, उठू नकोस," त्या म्हणाल्या. तो उठत नव्हता.

श्रीरंगरावांनी घसा साफ केला. कंपनी, पगार, नागपूरचं घर, हे सगळं त्यांनी विचारलं, पण उत्तरं ऐकत नव्हते. त्यांची नजर मल्हारच्या खांद्यावरून मागे जात होती. एका ठिकाणी थांबत होती. पुन्हा जात होती. आयुष्यभर यंत्रांचे सुटे भाग तपासलेल्या माणसाला एक भाग खटकत होता आणि कोणता ते कळत नव्हतं.

"तब्येत वगैरे?" शेवटी ते म्हणाले.

"एकदम चांगली."

"तसं नव्हे. म्हणजे, डॉक्टर काय म्हणतात?"

"डॉक्टरकडे जातच नाही मी."

हेमलताबाईंनी तोंडाला पदर लावला. "हे असंच म्हणतात," त्या नवऱ्याला म्हणाल्या. त्यांना वाटलं, ऐकू जात नाहीये.

"काकू, मला खरंच काही झालेलं नाही," मल्हार म्हणाला, आणि म्हणतानाच त्याच्या लक्षात आलं की ह्या पलंगासमोर बसून हे वाक्य आजवर जे जे बोलले, ते पुढच्या रिळात गेले. घाबरून त्याला खोकला आला. तो खोकला आवरायला त्याने रुमाल काढला, आणि रुमालात न बघता घडी घालण्याऐवजी त्याने सवयीने आत बघितलं.

पुण्यात कोणीतरी हुंदका दिला. बहुधा श्रीरंगरावांनी.

"सुप्रीता," ते चष्मा पुसत म्हणाले, "मुलगा फार चांगला आहे. फार गुणी आहे. पण बाळ, आम्ही मुलीचे आईवडील आहोत. तुला समजत असेल."

"बाबा, अहो तो ठणठणीत आहे," सुप्रीता म्हणाली.

"तू त्याची सेवा करशील, माहितीये मला. पण किती दिवस?"

"प्रणीतच्या आईला मी आजच..." हेमलताबाईंनी सुरुवात केली.

खोक्यावर बसलेल्या अण्णांनी हे सगळं ऐकलं. त्यांच्या लावलेल्या खोलीसमोर लोक रडले, याचा त्यांना आजवर आनंदच झालेला होता. सीन संपला की नट उठायचा, अंग झटकायचा आणि इडली खायला जायचा. हा मुलगा मात्र उठत नव्हता. तो खरोखरच पांढरा पडत चालला होता, आणि अण्णांना एकदम स्पष्ट दिसलं की हा सीन चालू राहिला तर कोणीतरी नक्की जाणार, बहुतेक नागपूरला.

स्टुडिओत सीन पार पडला की त्यांची मंडळी सेट उतरवायला घ्यायची. दुपारपर्यंत राजवाडा जमिनीवर यायचा, कारण संध्याकाळी तिथेच पोलीस ठाणं उभं करायचं असायचं. कसं लावायचं ह्यात अण्णांना एकाच प्रकारची गती असेल, पण उतरवण्यात त्यांचा हात कोणी धरला नव्हता.

ते उठले, कॅमेऱ्यासमोरून सरळ चालत गेले आणि त्यांनी पडदा ओढून काढला. ऊन भसकन आत आलं. मग तांब्या आणि पेला एका हाताने उचलला, टेबल पायाने सरकवलं, चादर खस्सकन ओढून घडी केली. खुर्ची उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवली. पलंग तिरका उभा केला.

"हे कोण?" हेमलताबाई म्हणाल्या.

"घरमालक," मल्हार म्हणाला.

"घर खाली करून घेतायत का?" श्रीरंगरावांनी विचारलं. "अशा अवस्थेत?"

कामात असताना अण्णा कोणाशी बोलत नसत. त्यांनी कॅमेऱ्यामागे जाऊन पहिला खोका लाथेने पुढे सरकवला, मग दुसरा, मग गादी ओढत आणली, गादीवर कपड्यांचा डोंगर ओतला. दोरी बांधली, दोरीवर बनियन टाकलं. हेल्मेट खिळ्याला लटकवलं. शेवटी त्यांनी जरा मागे सरून बघितलं, एक मोजा उचलून डोंगराच्या शिखरावर ठेवला आणि बाजूला झाले.

सुप्रीताने आपल्या चौकोनात डोळे मिटून घेतले होते.

श्रीरंगराव स्क्रीनच्या इतके जवळ आले की चौकोनात फक्त त्यांचं कपाळ उरलं.

"ही कोणाची खोली?"

"माझी," मल्हार म्हणाला. आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. "आधीची ह्यांनी लावली होती. हे सिनेमात आजारी माणसांच्या खोल्या लावायचे. मला तुमच्यासमोर चांगली खोली दाखवायची होती, आणि ह्यांना दुसरी येत नाही."

"म्हणजे तो पलंग तुझा नाही?"

"नाही."

"औषधं?"

"तांब्यात पाणीसुद्धा नव्हतं, काका."

"आणि हे सगळं," श्रीरंगरावांनी बोटाने हवेत एक मोठं वर्तुळ काढलं, "हे तुझं."

"हो."

"ते बनियन कधीचं आहे?"

"गुरुवारचं असेल. नक्की सांगता येणार नाही."

श्रीरंगराव मागे सरकले आणि खुर्चीत टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर भाग सापडल्याचं समाधान होतं. "अगं, हा आळशी आहे," ते बायकोला म्हणाले. "नुसता आळशी आहे."

"गबाळा पण आहे," हेमलताबाई म्हणाल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा स्क्रीनकडे बघून जवळजवळ मायेने म्हणाल्या, "किती तो पसारा. लग्नाआधी हे अगदी अस्संच होते. ह्यांच्या खोलीत एकदा मांजर व्यायली होती, ह्यांना पिल्लं मोठी झाल्यावर कळलं."

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही. तुम्ही अजून जिवंत आहात, एवढाच."

सुप्रीताने एक डोळा उघडला. "म्हणजे तुमचं हो आहे?"

"आम्ही पाच मिनिटांपूर्वी ह्याला पोचवून आलो होतो," श्रीरंगराव म्हणाले. "त्या मानाने मुलगा चांगलाच निघाला. नागपूरचा नंबर द्या, मी बोलतो. पण आधी ते घरमालक जरा पुढे येऊ शकतील का?"

अण्णा बनियनखालून वाकून चौकोनात आले. त्यांना वाटलं, आता बोलणी बसणार. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली.

"माझे थोरले बंधू पुढच्या महिन्यात आमच्याकडे राहायला येतायत," श्रीरंगराव आवाज खाली आणत म्हणाले. "मागच्या वेळी दिवाळीला आले ते होळी करून गेले. पुण्याला येऊन तेवढी एक पाहुण्यांची खोली लावून द्याल का?"

अण्णांनी खिशातली मोजपट्टी काढली. "खिडकी कुठल्या अंगाला आहे?" त्यांनी विचारलं.

"पश्चिमेला."

"मग दुपारच्या गाडीने परत जातील," अण्णा म्हणाले. "एक खुर्ची तेवढी लागेल."